हेगचा शिमगा

नेदरलँड्समध्ये पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. डबा समोर येतो, आपण एक उचलतो, झाकण लागतं, डबा कपाटात जातो. ही कंजुषी आहे असं आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं ठाम मत आहे. माझं तसं नाही. गोडाचं या लोकांना वावडं नाही. सकाळी पावाला लोणी फासून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरून खाणारी ही माणसं, आणि खाणारी सगळीच लहान मुलं नसतात, त्यांत बँकेचे अधिकारीही असतात. भानगड वेगळीच आहे. पाहुण्याला दुसरं बिस्किट हवं असेल तर तो मागेल, असं यजमान धरून चालतो. आणि यजमान ‘घ्या हो, एकाने काय होतंय’ म्हणेल, असं आपण धरून चालतो. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि कॉफी गार होते.

अशा देशात, हेग शहरात, आम्ही होळीला लोकांना पुरणपोळी जेवायला बोलावलं. म्हणजे बायकोने बोलावलं. पुरण दोघांपुरतं होत नाही, असं तिचं म्हणणं. वाटीभर डाळ घातली तर ती मेली लाजते आणि नीट शिजतच नाही. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे सणाला किती माणसं जेवली हे कोणी मोजत नाही, डाळ किती लागली ते मोजतात. तेव्हा आमच्याकडेही आधी डाळीचं प्रमाण ठरलं आणि मग तेवढी माणसं शोधायला आम्ही बाहेर पडलो.

माणसं जमली ती अशी. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त डच जोडपं राहतं. त्यांना आम्ही घरात आजी-आजोबा म्हणतो आणि तोंडावर नुसत्या नावाने हाक मारतो, तशी इथली पद्धतच आहे, पण दर वेळी जीभ जरा अडखळतेच. बायकोच्या ऑफिसातली एक सुरिनामी मैत्रीण आणि तिची आई. आणि माझ्या डच भाषेच्या वर्गातली एक पोलिश मुलगी. ती माझ्या शेजारी बसते आणि माझ्याइतकंच वाईट डच बोलते, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं सगळं कळतं. शिक्षकांना दोघांचंही कळत नाही.

डच माणसाला ‘या ना एकदा घरी’ म्हणून मोकळं होता येत नाही. तो जागच्या जागी डायरी काढतो आणि ‘कधी?’ म्हणून विचारतो. आजींनी काढली. मी म्हटलं, २४ मार्च, रविवार. २०२४ सालची ही गोष्ट. होळी दर वर्षी चोवीसलाच असते का, त्यांनी विचारलं. नाही, पौर्णिमेवर असते, तारीख बदलते. आजींच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. ती माझ्याबद्दल नव्हती, भारताबद्दल होती: एकशे चाळीस कोटी माणसं, आणि सण कधी ते नक्की नाही! मग मला त्यांना सांगावं लागलं की त्यांचा ईस्टरही चंद्राच्याच मर्जीवर चालतो, वसंतसंपाताच्या पुढची पौर्णिमा गाठायची आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा. त्या वर्षी तर दोघांची पौर्णिमा एकच होती. आमची होळी चोवीसला आणि त्यांचा ईस्टर एकतीसला. आजींनी हे घरी जाऊन ताडून पाहिलं आणि नंतर जिन्यात गाठून ‘बरोबर आहे’ असा निकाल दिला.

वेळ ठरली सहाची. इथे आठला बोलावलं तर लोक जेवून येतात, कॉफी आणि ते सुप्रसिद्ध बिस्किट मिळेल या हिशेबाने. सहा ही त्यांची जेवायची वेळ. आमच्याकडे सहाला चहाच्या कपबशा विसळायच्या असतात, पण म्हटलं, असू दे.

खरेदी आदल्या दिवशी हागसे मार्क्टमध्ये. हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार भरतो. तिथे भेंडी मिळते, कारली मिळतात, आणि ‘बघा, आपल्या लोकांनी कुठवर पोचवलं’ म्हणून नवीन आलेल्या मराठी माणसाची छाती फुगते. भेंडी-कारल्यांचं श्रेय मात्र सुरिनामकडे जातं. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून गिरमिटिये मजूर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या या डच वसाहतीत पोचलं. १९१६ पर्यंत चौतीस हजारांच्या आसपास माणसं तिकडे गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला आली आणि त्यांतली पुष्कळशी हेगमध्येच राहिली. म्हणून इथल्या ट्राममध्ये होळीला ‘फगवा’ म्हणणाऱ्या आज्या भेटतात. आपण विमानाने परवा आलो. त्या दोन महासागर आणि दीडशे वर्षं पालथी घालून आल्या आहेत, आणि भेंडी निवडताना त्यांच्या कोपराला कोपर लावायची आपली प्राज्ञा नाही.

दुकानदाराने हरभऱ्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ पुढे केली. सुरिनामी रोटीत तीच भरतात. ‘एकच,’ तो म्हणाला. ‘एक नव्हे,’ बायको म्हणाली. तो सरनामीत, म्हणजे सुरिनामच्या हिंदीत बोलत होता, ती मुंबईच्या हिंदीत. दोघांनाही समोरच्याचं हिंदी अशुद्ध वाटत होतं, पण डाळीच्या प्रश्नावर दोघं अस्खलित भांडले. शेवटी मागच्या फडताळातून चणाडाळ निघाली. गूळ पारदर्शक कागदात गच्च बांधलेला होता, वास घ्यायची सोय नाही. बायकोने इकडेतिकडे पाहून कागदाला नखाने भोक पाडलं, वास घेतला आणि तोच गूळ टोपलीत टाकला. शेजारी इंडोनेशियाचा ‘गुला जावा’ मांडला होता, माडाचा गूळ. वेंगुर्ल्याच्या मुलीने माडाच्या गुळाकडे बघून नाक मुरडलं. हे तिच्या आईला कळता कामा नये.

पुरणयंत्र आम्ही येतानाच आणलेलं. विमानतळावर तपासणीत ते बाहेर काढायला लावलं होतं. अधिकाऱ्याने हँडल फिरवलं, आत वाकून पाहिलं, पुन्हा फिरवलं आणि यातून काय येतं, असं विचारलं. ‘पुरण,’ बायको म्हणाली, आणि एवढ्या आत्मविश्वासाने म्हणाली की त्याने मान डोलावून ते परत दिलं.

तर रविवार. आमची इमारत नवी. २०१८ च्या जुलैपासून इथे नव्या घरांना गॅसची जोडणीच देत नाहीत, सगळं इंडक्शनवर. आईने दिलेला खोलगट लोखंडी तवा त्या काचेवर मधोमध जेमतेम टेकतो, त्यामुळे पोळीची बेंबी तेवढी भाजायची आणि कडा कच्च्या राहायच्या. म्हणून सपाट तवा घेतला होता. कणीक तिंबून तेलात मुरत ठेवली होती, कट गाळून आमटी उकळत होती, आणि पुरण अजून आटत होतं, कारण ‘सहा’ म्हणजे सात हे पुरणाला लहानपणापासून ठाऊक. सहाला पाच कमी असताना जिन्यात पावलं वाजली आणि आमच्या दाराबाहेर येऊन थांबली. आम्ही आत श्वास रोखून उभे, ते बाहेर. बरोब्बर सहा वाजता बेल वाजली.

आजी फुलं घेऊन आल्या होत्या. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बायको लाकडी कालथा पुरणात मधोमध उभा रोवून, हात सोडून, त्याच्याकडे बघत होती. कालथा जरा कलला. बायकोने मान हलवली, पुन्हा ढवळलं, पुन्हा रोवला. आजी बोलल्या नाहीत, पर्स खाली ठेवून त्याही बघायला लागल्या. हिवाळ्यात डच लोक वाटाण्याच्या डाळीचं ‘स्नेर्ट’ नावाचं दाट सूप करतात आणि त्यात चमचा उभा राहिला तरच ते जमलं असं मानतात. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या खेपेला कालथा ताठ उभा राहिला तेव्हा ‘झालं!’ हा उद्गार दोन भाषांत एकदम आला. दोन्ही बायकांनी मग आम्हा पुरुषांना स्वयंपाकघरातून हाकललं.

सुरिनामी मावशी आल्या त्या हातात डेगचीभर बटाट्याची भाजी आणि स्वतःच्या रोट्या घेऊन. रोट्यांच्या पोटात वाटाण्याची डाळ, जिरं घालून, तिखटमिठाची. म्हणजे पोळीची सख्खी चुलत बहीणच, फक्त गुळाशी न पटलेली. जेवायला बोलावलेल्या घरी आपलं जेवण घेऊन यायचं धारिष्ट्य आपल्याकडे फक्त नणंदा करतात. त्यांनी आमचं पुरण चाखलं, ‘मीठा बा,’ म्हणाल्या, आणि ते कौतुक होतं की निदान, याचा शोध अजून चालू आहे.

आता नैवेद्य. होळी पेटवायची कुठे? बाल्कनीत काही पेटवायचं नाही असं इमारतीच्या नियमांत साफ लिहिलेलं. म्हणून एक पणती, तिच्याभोवती पाणी फिरवलं, पोळी दाखवली. मी आजोबांना समजावत होतो की खरी होळी ही नव्हे, खरी होळी ताडमाड उंच असते, गावातली पोरं आठवडाभर आधीपासून लाकडं जमवतात. आजोबांनी पणतीकडे पाहिलं, मग समुद्राच्या दिशेला बोट केलं आणि त्यांचा आवाज चढला. ते जन्माने डाउनडॉर्पचे. डाउनडॉर्प आणि स्खेवेनिंगेन या हेगच्याच समुद्रकाठच्या दोन वस्त्या, आणि वर्षअखेरीच्या रात्री वाळूवर कोणाची लाकडाची रास उंच, यावर दोघींचं हाडवैर. पॅलेटवर पॅलेट रचत ठरलेल्या उंचीच्या पार वर जायचं आणि मध्यरात्री पेटवायचं. २०१९ च्या पहिल्याच रात्री वाऱ्याने ठिणग्यांचा पाऊस स्खेवेनिंगेनच्या घरांवर आला, आणि पुढच्या वर्षअखेरीला नगरपालिकेने परवाना नाकारला. पण आजोबांचं पोरपण त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा पॅलेट नव्हते. नाताळ संपला की लोकांनी टाकलेली झाडं गोळा करायची.

‘टाकलेलीच?’ मी विचारलं.

आजोबांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं. ‘दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी जमवलेली,’ ते म्हणाले.

मला भरून आलं. कोकणात शिमग्याला लाकडं चोरणं हा गुन्हा नव्हे. ज्याचं फाटक गेलं तो सकाळी शिव्या देत येतो, राख उकरून बिजागऱ्या शोधतो आणि सापडल्या की घेऊन जातो. पुढची पंधराएक मिनिटं आम्ही दोघं बाल्कनीत उभं राहून, आपापल्या गावात कोणाचं काय काय जाळलं, याचा हिशेब करत होतो. एकात्मतेची मी अनेक भाषणं ऐकली आहेत. चोरी हा मुद्दा त्यांत कोणी घेत नाही.

जेवायला बसलो. गोड पोळी आणि तिखट आमटी एकाच ताटात, हे डच माणसाला कसं समजवायचं याचा मी पाठ करून ठेवला होता, तो वाया गेला. हे लोक रात्रीच्या जेवणाला पानकूक खातात, थाळीएवढं धिरडं, त्यात डुकराच्या मांसाचे खरपूस काप आणि वरून काकवीसारखा पाक. त्या मानाने आमची पोळी-आमटी म्हणजे अगदीच साधीभोळी. पहिला घास घेऊन आजींनी डोळे मिटले आणि ‘नोटमुस्काट,’ म्हणाल्या. जायफळ! मी चकित. पण चकित होण्यासारखं काही नव्हतं, फरसबी असो की फ्लॉवर, या देशात उकडलेल्या भाजीवर जायफळ किसतात. या जायफळासाठी त्यांच्या पूर्वजांनी बांदा बेटांवर १६२१ मध्ये जे केलं ते जेवताना सांगण्यासारखं नाही, आणि १६६७ च्या ब्रेडाच्या तहात जायफळाचं एक चिमुकलं बेट राखून मॅनहॅटन इंग्रजांकडे राहू दिलं, हे जेवताना आवर्जून सांगण्यासारखं आहे. आजोबांनीच सांगितलं, आणि नुकसानीचा व्यवहार म्हणून सांगितलं. बायकोने पोळी उलटताउलटता सुनावलं की तुमची एक वखार आमच्या वेंगुर्ल्यातही होती, पडकी इमारत अजून आहे. आजोबा जरा सावरून बसले. वखारीचं भाडं थकलं आहे की काय, असा भाव होता.

आणि मग खरा प्रसंग उभा राहिला. आजोबांची दुसरी पोळी संपली. बायको तव्यावरची तिसरी घेऊन आली. आजोबा म्हणाले, ‘नको, धन्यवाद.’ बायकोने ती त्यांच्या ताटात वाढली आणि वर तूप सोडलं.

यात तिचा काही दोष नाही. आपल्याकडे ‘नको’ हे वाढण्याच्या विधीचं पहिलं उत्तर आहे. ते ऐकू आलं म्हणजे पुढे व्हायचं. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा, आपण ‘अर्धीच’ म्हणायचं, अख्खी वाढायची, त्याने ‘अहो, पोट आहे की काय’ म्हणायचं आणि खायची. दोन्ही बाजूंना आपापली वाक्यं पाठ असतात. आजोबांना नव्हती. ते पोळीकडे बघत राहिले. ‘पण मी नको म्हटलं होतं,’ ते म्हणाले. रागाने नव्हे. काही ऐकण्यात चूक तर झाली नाही ना, याची खात्री करून घेत होते. पण वाढलेलं टाकायचं नाही, हेही या देशाच्या हाडात मुरलेलं. त्यांनी ती खाल्ली. ताट रिकामं झालं. रिकामं ताट दिसल्यावर आमच्या घरात काय होतं हे सांगायला नको.

चौथीच्या वेळी पोलिश मुलगी मदतीला धावली. तिच्या देशात नाताळच्या आदल्या रात्री जेवताना एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित कोणी आलं तर असावं म्हणून. तेव्हा तिला हे शास्त्र शिकवायची गरज नव्हती. तिने आजोबांना आमच्या दोघांच्या त्या लाडक्या डचमध्ये सांगितलं: एकदा नको म्हणजे हो. दोनदा नको म्हणजे बघू. तीनदा म्हटलंत तर अर्धीवर सुटाल. आजोबांनी हे मन लावून ऐकलं. पुढच्या पोळीला त्यांनी ‘नको, नको, नको’ असं सलग, एका सुरात म्हटलं, फॉर्मवर तीन ठिकाणी सही करावी तसं. अर्धी मिळाली. त्यांना इतका आनंद झाला की उरलेली अर्धी त्यांनी मागून घेतली.

सुरिनामी मावशींची तऱ्हा याहून पुढची. त्या विचारतच नव्हत्या. उजव्या हाताने स्वतः जेवत होत्या आणि डाव्या हातातल्या डावाने आजूबाजूच्या तीन ताटांत बटाट्याची भाजी पडत होती. बोलण्यात खंड नाही. त्यांची लेक मला म्हणाली, ‘आई वाढायला लागली की आम्ही ताट मांडीवर घेतो.’ माझ्या सासूबाईंचा त्याच वेळी व्हिडिओ कॉल आला. त्यांनी सगळ्यांना पाहिलं, हात जोडले आणि लेकीला दम दिला, ‘त्यांका पोटभर जेवूक घाल गो.’ फोन मावशींकडे गेला. एक मालवणी, एक सरनामी. कोणाला काय कळलं देव जाणे, पण फोन ठेवल्यावर मावशींनी आजोबांना आणखी भाजी वाढली.

एवढ्यात आजींनी सुरी-काटा खाली ठेवला. ‘तू कधी बसणार?’ त्यांनी बायकोला विचारलं. बायको म्हणाली, मी मागाहून, गरम पोळ्या वाढते आहे. आजी म्हणाल्या, मग आम्हीही थांबतो. बायकोने हसून ‘छे छे, तुम्ही चालू द्या’ म्हटलं. आजी थांबल्या. आजोबा थांबले. मावशींचा डाव हवेत थांबला. बायकोने तीनदा नको म्हणून पाहिलं. पण ते गणित आजींनी ऐकलंच नसावं, किंवा ऐकून मनावर घेतलं नसावं, कारण अर्धं बसण्याची त्यांनी सवलत दिली नाही. खुर्ची ओढली गेली, बायको बसली आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी तव्यापाशी गेलो. लाटलेली पोळी तव्यावर टाकण्यात काही विशेष नाही, असं मी आयुष्यभर समजत आलो होतो आणि टाकेपर्यंत ते खरंच होतं. उलटताना ती मधोमध फाटली, पुरण तव्याला लागलं, गुळाचा धूर झाला. नेदरलँड्समध्ये २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा असणं कायद्याने सक्तीचं आहे. आमचा स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. तो असा काही कोकलला की समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. आजोबा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायला लागले. बायको मात्र जागची हलली नाही. पोळीचा तुकडा आमटीत बुडवत तिने पाहुण्यांना समजावलं की घाबरू नका, होळीला बोंब मारायची आमच्यात पद्धतच आहे. कशी, असं पोलिश मुलीने विचारलं. बायकोने उलटा हात तोंडावर ठेवून दाखवलं. भोंगा गप्प झाला तरी नंतर बराच वेळ आमच्याकडे बोंबा चालू होत्या. त्यांतली सर्वांत खणखणीत डाउनडॉर्पची.

निघताना सगळ्यांना डबे भरून दिले. आजींनी डबा दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून दिला, घासून, पुसून, रिकामा, सोबत आभाराचं कार्ड. बायको त्या रिकाम्या डब्याकडे बराच वेळ बघत होती. मावशींचा डबा आला तो इतका भरून, की आम्हाला तीन दिवस स्वयंपाक करावा लागला नाही. पोलिश मुलीचा मात्र आलाच नाही. तो स्टीलचा, सासूबाईंचा, झाकणावर सासऱ्यांचं नाव आणि लग्नाची तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला. तिला बहुतेक ती नक्षी वाटते. दर मंगळवारी मधल्या सुट्टीत ती तो डबा वर्गात माझ्यासमोर उघडते. आत पिएरोगी असतात, बटाटा आणि चीज भरलेले. ती डबा माझ्यापुढे सरकवते, मी नको म्हणतो, आणि ती आणखी दोन वाढते.